लंगडणारं जनावर

किर्गिझस्तानात, ओश शहराजवळच्या एका लहान गावातल्या दवाखान्यात रक्तदाब मोजायच्या रांगेत दामिरा डोळे मिटून, मागचं बोलणं ऐकत बसली होती. मागच्या बाकावर गावच्या संग्रहालयातल्या म्हाताऱ्या बुरूल एजे, म्हणजे बुरूलताई, आणि त्यांची शेजारीण बोलत होत्या.

“एजे, नवा डायनासोर आला म्हणे तुमच्याकडे?”

“आला बाई. अख्खा, प्लास्टिकचा. डरकाळी पण फोडतो.”

“मग ते डायनासोरचं जुनं हाड?”

“तळघरात टाकलं. पूर्वी तेवढंच तर होतं. मी ते मुलांच्या हातात द्यायचे आणि सांगायचे, बाकीचं जनावर तुम्ही उभं करा. काय भांडायची कार्टी! एकदा एक मुलगी हाड चाचपून म्हणाली, ‘हे लंगडत असणार.’ मी हसले.”

“हसण्यासारखंच की!”

“अगं, नंतर नीट पाहिलं, तर हाड मोडून पुन्हा जुळलेलं. वीस वर्षं मी ते पुसत होते, मला कधी दिसलं नाही.”

“आणि आता?”

“आता मुलं येतात, फोटो काढतात, जातात. आज एकाला म्हटलं, काहीतरी विचार रे. तर म्हणाला, ‘एजे, याचं बटण कुठाय?’”

“मग?”

“दाखवलं. आता तेवढंच काम उरलंय मला.”