रेड्यांचा नवस

थुंगमोकच्या फुटबॉल स्टेडियमबाहेर तिकिटाच्या रांगेत वान्ना उभी होती. तिच्या पुढचे एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची मेहुणी यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"भावजी, आज हरलो तर खालच्या लीगमध्ये जाणार हो आपण!"

"हरतोय कशाला! सकाळीच ग्रामदेवाला टोपलीभर उकडलेल्या अंड्यांचा नवस बोललोय."

"कुठलं नाव घेऊन?"

"क्लबचं कागदावरचं. थुंगमोक युनायटेड."

"अहो, तीनदा बदललं ते! देवाच्या लक्षात कसं राहणार? माझंही कागदावरचं नाव दोनदा बदललं, पण तुम्ही हाक कशी मारता?"

"बेडके!"

"मग? घरच्या देवाला घरचं नाव सांगावं. मालकानं क्लब शेजारच्या प्रांताला विकला, आपण नवा काढला, तरी आपण 'रेडे'च ना? पळा परत देवाकडे, मी नंबर धरते."

भावजी धापा टाकत परतले.

"सांगितलं?"

"सांगितलं. पण बेडके, शेजारी आपला जुना मालक! तोही हात जोडून 'रेड्यांना जिंकव' म्हणतोय."

"अगंबाई! आजचे पाहुणे म्हणजे तोच विकलेला क्लब, तेही रेडेच की! आता देव काय करणार?"

"बरोबरी."

"बरोबरीत तर आपण वाचतो, भावजी!"

"म्हणून तर मीच त्याला म्हटलं, साहेब, जरा मोठ्यानं मागा."