नुसता धावणारा

आमचा मंदार अमेरिकन फुटबॉलवरून कुणाशीही भांडेल. तिकडची रविवारची मॅच वेळेच्या फरकामुळे आमच्या जॉन्सनव्हिलला सोमवारी सकाळी दिसते. परवाच्या सोमवारी मी घरून काम करत होतो, तर हा चहाला टपकला.

मॅच बघता बघता मी म्हटलं, "या रिसीव्हरला काढून टाका. झेलायला ठेवलाय, आणि अख्ख्या मॅचमध्ये एक बॉल झेलला. नुसता धावतो."

मंदार भडकला. "अरे, त्याच्या मागे समोरच्या टीमचे दोघे जातात, म्हणून दुसरा मोकळा सुटतो. ते स्कोअरमध्ये दिसत नाही."

"दिसत नाही, तर त्याचा उपयोग काय?"

"शुक्रवारी माझा मॅनेजरही हेच म्हणाला," त्याने कप खाली ठेवला.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, मंदारला सोमवारी ऑफिस असतं.