कॅप्स लॉकचा पराक्रम

निवृत्तीला आठ दिवस उरले असताना माणसानं कॉम्प्युटरला हात लावू नये. मी लावला.

मी कॉलेजातला कारकून; फिजिक्सचा पेपर मीच टाइप केला. प्रश्न असा होता: लहान q, p वरून मोठे Q, P काढलेत, हे रूपांतर कॅनॉनिकल आहे, म्हणजे गतीच्या समीकरणांचा साचा बदलत नाही, हे सिद्ध करा. कॅप्स लॉक चालूच राहिलेला. लहान ते सगळे मोठे झाले, मोठे ते लहान; म्हणजे आता मोठ्यांवरून लहान काढलेले. कळलं तेव्हा पोरं पेपर लिहायला बसली होती.

विभागप्रमुख मॅडम गडहिंग्लजच्या. आवाज तिथवर जाईल असा.

"काका, काय केलासा हे? सगळं उलटं झालंय की."

"मेमो द्या मॅडम. बत्तीस वर्षांतला पहिलाच."

त्यांनी कागदावर दोन ओळी खरडल्या आणि खुर्चीत मागं रेलून हसायलाच लागल्या.

"उलटं रूपांतरबी कॅनॉनिकलच असतंय, काका. प्रश्न बरोबर हाय. वर्षभर घसा फोडला तरी पोरांना पटंना, तुमच्या कीबोर्डाला कळलं."

निरोप समारंभात प्राचार्य म्हणाले, "यांच्या हातून बत्तीस वर्षांत एकही चूक झाली नाही."

मागच्या रांगेतून मॅडमचा आवाज आला, "एक झालीया सर. पण ती बरोबर हाय."