अण्णांच्या दारात राणी

मी हौसाबाई, माहेर शाहूवाडीकडचं, डोंगरातलं. हितं बावड्याला सून म्हनून आलो ती थेट म्हशींच्या गोठ्यातच, सासऱ्याचा धंदाच दुधाचा, आन नवरा गेल्यावर समदं माज्यावरच पडलं. काय सांगू पावणं, मानसापेक्षा म्हशींशीच जास्त बोलनं झालं माजं.

तर तुमी अण्णांचं इचारताय. अण्णा म्हंजे आमचं फौंड्रीवालं, एका जुन्या लेथवर सुरुवात केली आन एवढं कारखानं उभं केलं, दवाखान्याला मशिनी दिल्या, पोरींचं वसतिगृह बांधलं, तालमीला मॅट दिली, ते लोकं भाषनात सांगत्यातच, मी पुराचं सांगतो. महापुराचं पानी गोठ्यात शिरलं तवा मी आन माज्या पोरानं म्हशी सोडल्या आन वर अण्णांच्या कारखान्याकडं हानल्या, तर गेट बंद. वॉचमन म्हनतो, मावशी, आत भट्टी पेटलीया, वितळल्यालं लोखंड हाय, जनावरं आत घेतली तर माजी नोकरी जाईल. मागनं पानी चढतंय, माजी म्हस चंद्री गाभन, उभी थरथरतीया, आन मी दगडानं गेट बडवतोय, म्हनतोय, अरं तुला आई हाय का न्हाय. तवर अण्णा आले, गंजीफ्राकवरच, आन एकदाच वरडले, दार उघड! भट्टी बंद केली, लोखंड तसंच वाळूत वतून टाकाय लावलं, आन मग शेडात म्हशी बांधल्या. चंद्री तितंच व्याली. ती रेडी म्हंजे आमची राणी.

औंदा अण्णांना अर्धांगाचा झटका आला. तोंड वाकडं झालं, बोलनं कळंना. शहरानं मोठा सत्कार ठरवला, तर अण्णांनी निरोप धाडला, हे तोंड मला कुनाला दावायचं न्हाय. घराच्या गेटाला कुलूप, भेटनं बंद. मला लई राग आला बगा. ज्यानं गावाला दार उघडलं त्यानं असं कोंडून बसायचं व्हय?

दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची मिरवनूक असती आमच्यात. शिंगं रंगवायची, मोरपिसं लावायची, राणी पोराच्या मोटारसायकलीमागं पळती आन थांबली की गुडघं टेकून सलाम करती. पोराला म्हनलं, औंदा चौकात न्हाय, अण्णांच्या दारात. गल्ली भरली, हलगी कडाडली. गेटाआड अण्णांचा ल्योक हात जोडून म्हनतो, मावशी, बाबांना तरास हुईल, जावा. मागनं लोकं रेटत हुती, राणी बुजली, दावं माज्या हातातनं निसटाय लागलं, वाटलं, आता ही सुटली तर कुनाला तरी तुडवनार. मी हलगी बंद करा म्हनून वरडलो. समदं गप झालं. मग गेटातनं हाक मारली, अण्णा, तुमच्या शेडात जल्मल्याली हाय ही, तुमाला बगाय आलीया, तुमच्या तोंडाकडं कोन बगतंय!

गेट काय उघडलं न्हाय. मी राणीला मागं वळवाय लागलो, म्हनलं, उगंच आलो, मानसाला आनखी दुखावलं. आन आतनं आवाज आला, तुटका, दा... उघ... लेकाला कळलं न्हाय. मला कळलं, त्येच मी पुरात ऐकलं हुतं.

दार उघड म्हनत्यात, म्हनलं.

अण्णा खुर्चीत बसलं हुतं. राणीनं फुडं जाऊन गुडघं टेकलं, अण्णांनी डावा हात तिच्या कपाळावर ठेवला आन रडलं, आमीबी रडलो, लाज कसली.

हॉलातला सत्कार काय झाला न्हाय. पन गेट आता उघडं असतं, सांजच्याला अण्णा दारात बसत्यात, मी दूध घिऊन जातो, येनारं-जानारं बोलत्यात. माजं आयुष्य त्यांना मिळू दे असं काय मी म्हनत न्हाय, मग माज्या म्हशी कोन बगनार? पन सुखात ऱ्हाऊ देत, आन दार उघडं ऱ्हाऊ दे.