बैठकीत सगळ्यांना हात देणारं पोर

चहा तू ओत, ट्रे मला देऊ नकोस. ट्रे हातात आला की जहरा गावातली ती संध्याकाळ आठवते.

इथं कुवेतला आमच्या हॉटेलात चिंपांझी-गोरिला वाचवायला चार देशांची माणसं जमली होती. पिल्लांची तस्करी मिळून थांबवायची असा करार झाला, सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. सही केलेल्या एका कुवेती साहेबांनी संध्याकाळी सगळ्यांना जहऱ्याला आपल्या दिवाणियात, म्हणजे घरच्या बैठकीत बोलावलं. चहा द्यायला हॉटेलातून मी.

इथली रीत तुला माहीत आहे. घरातली पोरं येतात आणि उजवीकडून एकेका पाहुण्याला हात मिळवायला हात देतात. दार उघडलं आणि फुटबॉलची जर्सी घातलेलं चिंपांझीचं पिल्लू आत आलं. त्यानंही उजवीकडूनच सुरुवात केली. मलासुद्धा हात दिला.

पाहुण्यांत आफ्रिकेतल्या एक बाई होत्या, अशीच अनाथ पिल्लं सांभाळणाऱ्या. त्यांच्या गळ्याला ते जे बिलगलं, ते सोडेचना.

"याची आई कुठंय?" बाईंनी विचारलं.

"आई नव्हती. हा एकटाच मिळाला," साहेब म्हणाले.

"आईला मारल्याशिवाय एवढं पिल्लू तिच्या अंगावरून निघत नाही."

साहेबांचा चेहरा खरंच उतरला. मला वाटलं, चला, कळलं याला. त्यांनी पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"एकटा पडलाय बिचारा," ते हळवे होऊन म्हणाले. "म्हणून तर सोबतीला दुसरं मागवलंय. पुढच्या महिन्यात येईल."