न विचारलेला प्रश्न

मंडळी, माईक जरा खाली घ्या. अजून खाली. काल इथं उभे होते ते महाराज सहा फुटी होते, मी अकरावीत आहे! हां, आता बरोबर. मृदंगबुवा, पाणी प्या तोवर. आणि मागं खांबाला टेकलेले काका, झोपा खुशाल, पण घोरू नका, ताल चुकतो.

आजचा प्रश्न साधा आहे. माणूस यशस्वी झाला, हे कशावरून म्हणायचं?

आमचं सोपं असतं. निकाल लागला की गल्लीतून एकच आरोळी, "किती टक्के?" शेतकऱ्याचं पोत्यावर, पैलवानाचं गदेवर, दुकानदाराचं गल्ल्यावर. पण वकिलाचं? खटले जिंकले त्यावर? बरं. मग चोराला सोडवलं, तेही यश का? आणि खऱ्याची बाजू घेऊन हरला, तर ते अपयश का? गप्प बसलात ना! मीही बसले होते. म्हणून एक अभंग जुळवला. माझाच आहे, हसायचं नाही.

जात्यामुखी दाणा । मोजियेला पुरा ।
उडाला तो सारा । कोण मोजी ॥

म्हणा माझ्यामागं. कोण मोजी... कोण मोजी...

आता ऐका. नावं बदलली आहेत, गावही बदललंय. उगाच शेजारच्याकडं बघू नका.

एका तालुक्याच्या कोर्टात इंगवले नावाचे वकील होते. बाबुराव इंगवले. वय सत्तरीकडं झुकलेलं. काळा कोट धुऊन धुऊन विटलेला, मांजराच्या पाठीसारखा. गुडघे इतके कुरकुरायचे, की ते उठले की जज्जसाहेबांना आधी गुडघे ऐकू यायचे, मग वकील!

त्या कोर्टात यश मोजायची एक रीत होती. पेढा! जिंकलेला पक्षकार समोरच्या दुकानातनं पुडा आणायचा आणि आवारात वाटायचा. फाटकाजवळ मुबारकभाईंची चहाची टपरी. पहिला पेढा त्यांना. त्यामुळं कोण वकील चालतोय आणि कोण बसलाय, हे अख्ख्या तालुक्यात मुबारकभाईंच्या जिभेला ठाऊक.

आणि इंगवले वकिलांचा पेढा त्या जिभेला कधीपासून लागला नव्हता.

पक्षकार फाटकातून आत यायचे, टपरीवर विचारायचे, "वकील कोण चांगला?" मुबारकभाई भला माणूस, पण खोटं कसं बोलणार? ते बोट दाखवायचे तरुण बर्गे वकिलांकडं. इंगवल्यांचं टेबल लिंबाच्या झाडाखाली. त्यावर दिवसभर निंबोळ्या पडायच्या. पक्षकारांपेक्षा निंबोळ्या जास्त!

घरी बायको, कुसुमताई, म्हणायच्या, "पुरे करा आता. टेबल-खुर्ची उचलून आणा. निदान मी त्यावर पापड तरी वाळवीन."

ते म्हणायचे, "एक दावा चालू आहे. तेवढा होऊ दे."

तो दावा होता दोन भावांचा. थोरला सर्जेराव थोरवडे, धाकटा अंकुश. बापानं मागं एक पिठाची गिरणी ठेवलेली, एस.टी. स्टँडला लागून. धाकट्यानं अर्धी मागितली. त्याचे वकील बर्गे. थोरला म्हणाला, "गिरणी मीच उभी केली, इथं जन्म घालवला, पिठानं छाती भरली माझी. हा टेंपो फिरवत हिंडला. देणार नाही." त्याचे वकील इंगवले. आणि त्यांची आई, हौसाक्का, तिनं आपला हिस्सा आधीच सोडून दिला होता. म्हणाली, "मला काय करायचीय गिरणी? मला दात न्हाईत."

आता गंमत बघा. भाऊ एकमेकांवर दावा लावलेले, पण तारखेला यायचे एकाच मोटारसायकलवर! पेट्रोल का दोनदा जाळायचं? आणि हौसाक्का डबा द्यायची तोही एकच. भाकरी आठ, पिठलं, कांदा. एक भाऊ बाकाच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, डबा मधी. बोलायचं नाही. पण अंकुशनं मिरची बाजूला काढली की सर्जेराव ती उचलायचा. न बघता. तुमच्या घरात असं नाही होत, खरं सांगा?

इंगवले हे सगळं लिंबाखालून बघायचे. दमलेला माणूस फार बघतो हो. त्याला दुसरं काही करायचं त्राण नसतं.

असं करता करता साक्षीची तारीख आली. बर्गे वकिलांनी साक्षीला कुणाला आणावं? हौसाक्कालाच! गिरणी सर्जेरावानं उभी केली नाही, नवऱ्यानंच केली, एवढं तिनं सांगितलं की अर्धी अंकुशची. इंगवल्यांच्या लक्षात आलं, आपण हरलो.

जेवणाच्या सुट्टीत सर्जेराव लिंबाखाली आला. खुर्ची ओढली. इकडं तिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "साहेब, एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. अंकुश माझा भाऊ नाही."

"म्हणजे?"

"वीटभट्टीवर एक बाई होती कामाला. बाळंतपणात गेली. तिच्या मागं कुणी नव्हतं. आईनं लेकरू उचललं. कागद नाही, दत्तक नाही, काही नाही. त्याला ठाऊक नाही. गावातली ठाऊक असलेली माणसंही आता गेली."

इंगवल्यांची मान वर आली. मंडळी, कायद्यात हा बाण असा आहे, की सुटला की खाली दुसरं काही उरत नाही. अंकुश मुलगाच नाही, तर वाटा कसला? एक प्रश्न! हौसाक्काला पिंजऱ्यात विचारायचं, "हा तुमच्या पोटचा का?" ती देवाची शपथ घेतलेली बाई. खोटं बोलणार नाही.

एवढं विचारलं की दावा जिंकला. पेढा आला. मुबारकभाईंचं बोट इकडं वळलं. टेबल वाचलं.

सर्जेराव म्हणाला, "विचाराल ना?"

"विचारतो. पक्षकार तू आहेस, तू म्हणशील तेच विचारणार. पण मला पक्की खात्री पाहिजे. तुझं वय काय होतं तेव्हा?"

"नऊ."

"नऊ वर्षांच्या पोराला काय आठवतं? उद्या बर्गे मला उडवून लावेल. तू काय बघितलंस, ते सांग."

"आई त्याला पदराखाली घेऊन आली. ओला होता. मी विचारलं, हे काय. म्हणाली, तुझा भाऊ."

"मग?"

"मग रडायचा. दिवसरात्र. दूध पचायचं नाही."

"कोण बघायचं?"

"आई रानात जायची कामाला. मीच बघायचो. धान्याच्या पाटीत घालून गिरणीत न्यायचो."

"गिरणीत कशाला?"

"गिरणीच्या आवाजात झोपायचा तो. दुसरीकडं कुठंच नाही. गिरणी थांबली की उठलाच."

"आणि दळण नसेल तेव्हा?"

बघा हं. हा साधा प्रश्न. पुराव्याचा. वकिलानं विचारावा असाच. पण सर्जेराव खुर्चीतून उठायलाच लागला.

"सांग की. दळण नसेल तेव्हा?"

"रिकामी चालवायचो साहेब. गुपचूप. दगडावर दगड घासायचा. एकदा ठिणगी उडाली, दगडाला चीर गेली. वडलांनी मला पट्ट्यानं मारलं."

"तू सांगितलं नाहीस, कशासाठी चालवली ते?"

"नाही. त्याला हाकलून देतील वाटलं."

इंगवले टेबलावरची निंबोळी बोटानं ढकलत बसले. मंडळी, त्यांनी आयुष्यात हजार माणसांची उलटतपासणी घेतली असेल. पण त्यांची सगळ्यात मोठी उलटतपासणी झाली ती त्या लिंबाखाली. तिथं ना जज्ज होता, ना टंकलेखक. आणि खरं सांगू? मुद्दाम घेतली का, हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. पुढं कुसुमताईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी दमलो होतो गं. एकातून एक विचारत गेलो."

पुकारा झाला. हौसाक्का पिंजऱ्यात चढली. कठड्यापेक्षा थोडीच उंच. बर्गे वकिलांनी विचारलं, "मावशी, मुलं किती तुम्हाला?"

"दोन."

म्हणाली ती, आणि इंगवल्यांकडं बघितलं. तिला ठाऊक होतं! सर्जेराव लिंबाखाली का बसला होता, ते त्या माउलीनं वऱ्हांड्यातून ओळखलं होतं. कठडा धरलेली बोटं पांढरी पडली होती.

गिरणी नवऱ्याची, हे तिनं सांगितलं. बर्गे बसले. जज्जसाहेब म्हणाले, "इंगवले वकील, उलटतपासणी?"

गुडघे वाजले. इंगवले उठले. समोर हौसाक्का. बाकावर अंकुश, हसतोय, जिंकल्यासारखा. दुसऱ्या टोकाला सर्जेराव, मांडीवर रिकामा डबा. इंगवल्यांनी मागं वळून पक्षकाराकडं बघितलं. नुसतं बघितलं.

पंखा फिरत होता. सर्जेराव डब्याच्या झाकणाकडं बघत होता. मग त्यानं मान हलवली. अशी. आडवी.

इंगवले म्हणाले, "विचारायचं काही नाही."

आणि खाली बसले.

संपलं! पुढं निकाल लागला, अर्धी गिरणी अंकुशची. पेढे बर्गे वकिलांच्या नावानं वाटले गेले.

आता तुम्हाला वाटेल, भाऊ गळ्यात पडले असतील. छे! कीर्तन आहे म्हणून काहीही सांगू का? अंकुशनं गिरणीत मधोमध पत्रा ठोकला. आपल्या बाजूला मोबाईलचं दुकान टाकलं. सर्जेराव उरलेल्या अर्ध्यात दळतो, कोपर भिंतीला लागतं. एकदा तो वकिलांना म्हणाला, "हरलो साहेब." ते म्हणाले, "हो रे." दोघांनीही एकमेकांची समजूत घातली नाही. पण हौसाक्का एक दिवस याच्याकडं जेवते, एक दिवस त्याच्याकडं. तिला मुलं अजूनही दोनच आहेत.

हां, एक राहिलंच. निकालाच्या दिवशी कोर्टातून बाहेर पडताना ती इंगवल्यांच्या टेबलापाशी थांबली. पाया पडली नाही, रडली नाही. इतकंच म्हणाली, "वकीलसाहेब, जेवलात का?"

ते म्हणाले, "नाही."

"पुढच्या टायमाला दोन भाकरी जास्त घालते." मग तिलाच आठवलं, पुढची तारीख आता नाही. तशीच गेली.

त्याच संध्याकाळी इंगवले टपरीवर आले. टेबल हातगाडीवर चढवलं होतं. चहा मागितला. पलीकडं अंकुश चार मित्रांना पेढे देत होता. ह्यांच्याकडं पाठ. मोठ्यानं म्हणाला, "म्हातारं पार गार झालं राव. उभं राहिलं, आणि एक प्रश्न सुचला नाही. असला वकील करतं का कुणी?"

सगळे हसले. मुबारकभाईंनी मान खाली घातली.

इंगवल्यांनी बशीतला चहा संपवला. बशी उपडी घातली. आणि हातगाडीवाल्याला म्हणाले, "चल बाबा. सावकाश चल, पाय दुखतात."

मंडळी, आता सांगा. किती टक्के?

तुम्ही घरी जाताना म्हणाल, आपणही सर्जेरावासारखं व्हायला पाहिजे. कुणी म्हणेल, इंगवल्यांसारखं. व्हा की, कोण नको म्हणतंय? पण मला वेगळंच वाटतं. मला वाटतं, आपण सगळे अंकुश आहोत.

तुमच्यासाठी कुणीतरी कधीतरी रिकामी गिरणी चालवली आहे. मार खाल्ला आहे, कारण सांगितलं नाही. कुणीतरी भर सभेत उठून उभं राहिलं आहे आणि तुमच्याबद्दलचा एक प्रश्न गिळून खाली बसलं आहे. त्याच्या बळावर तुम्ही आज ताठ चालता. आणि टपरीवर उभं राहून त्यालाच हसता! मीही हसते. कुणाला, ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही ठाऊक नाही. तीच तर अडचण आहे.

म्हणून एवढंच करा. आज घरी गेल्यावर, तुमच्या हिशेबानं जो हरलेला आहे, त्याच्यापाशी जरा बसा. फार काही बोलू नका. जेवलात का, तेवढं विचारा.

टाळ घ्या हातात. मागच्या काकांना उठवा. म्हणा...

उडाला तो सारा । कोण मोजी ॥