अर्धा तास खर्र्याविना

आमच्या अकोल्याच्या काकाचं सांगतो. त्याले एकच ध्यास, आपलं कूळ माळव्यातून आलं हे सिद्ध करायचा. शेवटी त्याच्या पोरीनं पुण्याहून डीएनए तपासणीची डबी पाठवली. नळीत थुंकायचं, पण त्याआधी अर्धा तास तोंडात काही नको. अन् काकाच्या गालात तर तंबाखूचा खर्रा सकाळपासूनच मुक्कामाले असते. तरी नळी भरून गेली, म्हणून आमी त्याचं कौतुकच केलं.

रिपोर्ट आला तवा काकानं आमाले चहाले बोलावलं. पोरगी फोनवरून वाचून दाखवत होती.

"बाबा, माळव्याचं यात काहीच नाही. अन् थुंकणारी बाई हाये म्हणते."

काका काकूकडे पाहाले लागला. काकू माहेरची तिवस्याची, कमी बोलते. तिनं आधी सगळ्यायचे कप भरले.

"मलेच थुंकाले लावलं यायनं. मी म्हटलं, कावून? तर म्हणे, मले खर्रा सोडवत नाही. लग्न झालं तवाच तू आमच्या कुळाची झाली, काही फरक पडत नाही."

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. कूळ बदललं, थुंकी तिवस्याचीच राहिली."